उत्तरेकडच्या लहान शहरात अकरा महिने: कपडे, बूट, दिवा आणि पूर्वेची खिडकी

मागच्या ऑगस्टच्या अखेरीस आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि सात वर्षांची लेक, बारा महिने पंखा लागणाऱ्या मुलखातून उत्तरेकडच्या एका लहान शहरात राहायला आलो. अक्षांश ६०च्या जरासा वर. आता जुलै चालू आहे. एक अख्खा हिवाळा अंगावरून गेला आहे, म्हणून हे लिहितोय. निघण्याआधी मी तीन महिने फक्त थंडीबद्दल वाचत होतो आणि थंडीसाठी जे घेतलं त्यातलं बरंचसं उत्तम चाललं. चूक झाली ती घर निवडताना. त्याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते सविस्तर सांगणार आहे.

आधी कपडे. एकच भलंमोठं जाड जॅकेट घेऊन भागत नाही. अंगाला लागून मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं, कमरेखालपर्यंत येणारं जॅकेट, असे तीन थर आम्ही उणे २५ पर्यंत वापरले आणि ते पुरले. सुती बनियन मात्र हिवाळ्यापुरतं कपाटात ठेवा. चढावर चालताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि बस थांब्यावर पाच मिनिटं उभं राहिलात की तोच ओलावा पाठीला बर्फासारखा लागतो. लोकर ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. माझ्या दोन मेरिनो बनियनांपैकी एक आठ महिन्यांत काखेत विरलं, दुसरं अजून टिकून आहे. दोन्ही थंड पाण्यात धुतली, ड्रायरमध्ये कधी टाकली नाहीत.

तापमानाच्या आकड्याइतकंच लक्ष वाऱ्याकडे द्या. हवा उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ती थंडी उणे ३३ सारखी लागते. अशा दिवशी गाल आणि कानाच्या पाळ्या आधी बधिर होतात. लेकीच्या गालावर पांढुरका डाग दिसला की आम्ही लगेच घरात शिरायचो. तिच्यासाठी बोटांचे हातमोजे घेतले होते, ते फुकट गेले. चारही बोटं एकत्र राहतात असे मिटन घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन मिटन दोरीने जोडून ती दोरी जॅकेटच्या बाह्यांमधून ओवली, तेव्हापासून एकही हरवलेला नाही.

बुटांत माझी फसगत झाली. मी नेहमीच्या मापाचे, पायात घट्ट बसणारे बूट आधीच घेऊन आलो होतो. उणे १२ला वीस मिनिटांत बोटांची जाणीव गेली. जाड लोकरी मोजा घट्ट बुटात कोंबला की त्यातली हवा दाबली जाते, पायाचं रक्ताभिसरणही आवळलं जातं, आणि ऊब तर त्या अडकलेल्या हवेचीच असते. नंतर एक माप मोठे घेतले. तोच मोजा, तीच थंडी, पण पुन्हा कधी पाय काकडला नाही. बूट इथे आल्यावर, जाड मोजा घालूनच घ्या.

आपण एकाच शब्दाने ज्याला बर्फ म्हणतो ती इथे चार वेगळी प्रकरणं आहेत: पिठासारखं भुसभुशीत हिम, पावलांनी चेपून टणक झालेला थर, पाणी मिसळलेला राडा आणि डांबरावरचा काचेसारखा थर, जो दिसतच नाही. मी पडलो तो या शेवटच्यावर, मार्चमध्ये, तापमान शून्याच्या आसपास असताना. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, पाय बऱ्यापैकी धरतो. शून्याजवळ त्यावर पाण्याचा पातळ थर येतो आणि काहीच धरत नाही. मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टी होती. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आजींनी मला जिन्याखाली उभं करून चालायला शिकवलं: पावलं छोटी, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. बुटांवर ओढून चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळेही त्यांनीच सुचवले. तेव्हापासून ते दाराशीच असतात. दुकानात शिरताना आठवणीने काढायचे, गुळगुळीत फरशीवर ते बर्फापेक्षा जास्त घसरतात. रस्त्यावर मीठ टाकतात, पण साधारण उणे १०च्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही, मग खडी पसरतात. वसंतात ती खडी बुटांतून घरभर येते.

घरातल्या कोरडेपणाची कल्पनाच नव्हती. उणे २०च्या एक घनमीटर हवेत जेमतेम एक ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिच्यात सतराएक ग्रॅम मावू शकतं, पण असतं तेवढंच, एक ग्रॅम. त्यामुळे जानेवारीत आमच्या घरातला आर्द्रतामापक १५ टक्क्यांवर होता. ओठ उलले, टाचांना भेगा पडल्या, लेकीचा घोळणा दोनदा फुटला, दाराच्या मुठीला हात लावला की झटका. आर्द्रता वाढवणारं यंत्र घेतलं, ते रोज भरावं लागतं आणि आठवड्याला धुवावं लागतं. पण ३५ टक्क्यांच्या फार वर नेऊ नका. आम्ही एकदा पन्नासवर नेलं तर खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचलं आणि चौकटीला काळी बुरशी धरली. आधी मापक घ्या, मग यंत्र.

मोबाइल उणे १५ला तीस टक्के चार्ज असतानाही बंद पडतो, आतल्या खिशात ठेवला तर नाही. गाडीला हिवाळी टायर लागतातच, साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता उजेड. निघण्याआधी मी अक्षांशावरून थंडीचा अंदाज बांधत होतो, ते चुकीचं होतं. नॉर्वेतलं ट्रॉम्सो ध्रुववृत्ताच्या बरंच वर, जवळजवळ ७० अंशांवर आहे, पण उबदार सागरी प्रवाहामुळे तिथली जानेवारीची सरासरी शून्याच्या थोडीच खाली असते. रशियातलं याकुत्स्क ६२ अंशांवर, आणि तिथे ती उणे ३५च्याही खाली. अक्षांशावरून थंडी कळत नाही, उजेड मात्र अचूक कळतो. ६० अंशांवर २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस सहा तासांहूनही थोडा लहान असतो. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसहा अंशच वर येतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे सूर्य मुठीएवढाही वर चढत नाही. सकाळ होते तीच तिन्हीसांजेसारखी, आणि ती सांज पुसट होत रात्रीत मिसळते.

मी घर निवडलं पूर्वेच्या खिडक्यांचं. आयुष्यभर तेच चांगलं मानलं होतं: सकाळचं कोवळं ऊन यावं, दुपारचं टाळावं. पण डिसेंबरात इथे सूर्य पूर्वेला उगवतच नाही. तो आग्नेयेच्याही पलीकडे, दक्षिणेकडे सरकून उगवतो, क्षितिजालगत थोडा फिरतो आणि नैऋत्येच्या अलीकडेच मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत आमच्या घरात उन्हाचा एक कवडसा आला नाही. बायको घरून काम करते. डिसेंबरात तिला सकाळी उठवेना, भूक वाढली, बोलणं कमी झालं. मला वाटलं माणसांची आठवण येत असेल. तिने डॉक्टरांकडे जायचं ठरवलं, बरं झालं. ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याला १९८४पासून वैद्यकात नाव आहे आणि त्यावर उपायही आहेत.

तिला १०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) दिवा सांगितला. सकाळी उठल्यावर अर्धा तास, कंपनीने दिलेल्या अंतरावर, नजर थेट दिव्यावर न रोखता. घरातल्या नेहमीच्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्सचाच असतो, त्यामुळे घरभर दिवे लावून ते साधत नाही. आठ-दहा दिवसांत तिची सकाळ परत आली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांचा विकार किंवा मनोविकाराची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय वापरू नका. शिवाय ऑक्टोबरपासूनच सुरू करा, आम्ही जानेवारीत केला, तो उशीर होता. ड जीवनसत्त्व तिघंही घेतो, रक्त तपासून ठरवलेल्या मात्रेत, कारण हिवाळ्यातलं इथलं ऊन त्यासाठी फार तिरकं असतं.

फेब्रुवारीपासून दिवस रोज पाच-सहा मिनिटांनी वाढतो. दोन आठवड्यांत एका तासाहून जास्त. हे मी इतक्या आनंदाने आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. जूनमध्ये पुरता काळोख होतच नाही, आणि तेव्हा तीच पूर्वेची खिडकी पहाटेच्याही आधी ऊन थेट उशीवर आणून सोडते. गडद पडदे, कडेने फट न राहणारे, लावल्यावर लेक झोपायला लागली.

शहर लहान असण्याचा फायदा असा की आजी दोन आठवड्यांत ओळखीच्या झाल्या. तोटा असा की भाड्याची घरं मोजकीच, मनासारखं मिळायला थांबावं लागतं. आम्ही सहा महिने थांबलो. आता याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं दक्षिणेचं घर रिकामं होतंय. ते बघायला गेलो तेव्हा समोर दहा मीटर उंचीची इमारत होती. डिसेंबरच्या दुपारी अशा इमारतीची सावली ऐंशी मीटरहून लांब पडते, म्हणून बायकोने खिडकीत उभं राहून हात लांब केला आणि क्षितिजावर मूठ धरली. समोरचं छप्पर मुठीच्या पार तळाशी, करंगळीच्याही खाली राहिलं. एक सप्टेंबरला सामान वर नेतोय.