आंबेडकर वाङ्मय, खंड दुसरा: कोकणकराने कुठून उघडावा

महाराष्ट्र शासनाने १९८२ साली काढलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला हा इंग्रजी खंड कोकणातल्या वाचकाने जरूर घ्यावा. फक्त पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. १९२७ ते १९३९ मधलं मुंबई विधिमंडळ, सायमन कमिशन आणि गोलमेज परिषदा असा ऐवज आहे. अंदाजपत्रकावरच्या भाषणांतच दमछाक होते.

सरळ खोतीवर या, म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधे राहून खोत सारा वसूल करायचा, त्या पद्धतीवर. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडलेलं खोती रद्द करण्याचं विधेयक उद्देश-कारणांसकट छापलं आहे. ही पद्धत मुख्यतः रत्नागिरीत, शिवाय कुलाबा (आजचा रायगड) आणि ठाण्याच्या काही भागांत. १९२३ पासून हायकोर्टात वकिली केलेल्या बॅरिस्टरचा हात इथे दिसतो. खोत मधून काढायचा आणि सरकारचा जमीन कसणाऱ्याशी थेट संबंध जोडायचा. खोताला वाजवी भरपाई. कुळाला नवा हक्क शोधून द्यायचा नाही, १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातला भोगवटादाराचा, म्हणजे सरकारकडून थेट जमीन धरणाऱ्याचा, दर्जाच द्यायचा. घोषणा शून्य, कलमं चोख!

अडतं ते शब्दांत. ‘इन्फीरियर होल्डर’ म्हणजे खोताच्या हाताखाली जमीन धरणारा. ‘ऑक्युपंट’ म्हणजे भोगवटादार. घरात राहणारा असा अर्थ लावलात की अख्खं विधेयक उलटंसुलटं होतं. १८८० चा खोती कायदा शेजारी ठेवा, नाहीतर धारेकरी कोण आणि अर्धेलीचं कूळ कोण, हे उमगणार नाही.

विधेयकामागचा रेटा मात्र बाहेरून जोडून घ्यावा लागतो. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ पासून चालू होता, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट कौन्सिल हॉलवर, म्हणजे मुंबईच्या विधिमंडळावर गेला. तरी विधेयक पास झालं नाही. तेव्हाचे मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर हेही जन्माने रत्नागिरीचे आणि पेशाने सॉलिसिटर, हा योगायोग बोचतो. १९३९ अखेर मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

सायमन भागातला आंबेडकरांचा १७ मे १९२९ चा स्वतंत्र अहवाल चुकवू नका. गोलमेज सवडीने.

संसदेतले आंबेडकर या खंडात नाहीत. हिंदू कोड बिलासाठी चौदावा, कायदामंत्री आणि पुढे विरोधी बाकावरच्या भाषणांसाठी पंधरावा मागवा.