व्हायोलावर कान ठेवून: द्वोर्जाक आणि बार्टोक, बऱ्याच महिन्यांच्या सहवासानंतर

पावेल हास क्वार्टेटची चेक संगीतकार द्वोर्जाकची सीडी आणि एमर्सन क्वार्टेटने वाजवलेले हंगेरियन संगीतकार बार्टोकचे सहाही क्वार्टेट गेले कित्येक महिने आलटूनपालटून ऐकतेय. क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या सुराचा) आणि एक चेलो (त्याहून मोठा, खर्जातला) असा चौघांचा संच; त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. माझी शिफारस अशी: द्वोर्जाकचा ‘अमेरिकन’ (ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, ९६) आणि बार्टोकचा सहावा एकापाठोपाठ ऐका. दोन्हींत पहिली धून व्हायोलाची. तिच्यावर कान ठेवला की चारही वाद्यं सुटी सुटी ऐकू यायला लागतात.

द्वोर्जाक तेव्हा न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्वेटरी या संगीतशाळेचा संचालक होता. १८९३च्या उन्हाळ्यात तो आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक लोकांच्या गावी सुट्टीला गेला आणि जूनमध्ये अवघ्या तीन दिवसांत या क्वार्टेटचा कच्चा खर्डा त्याने उतरवला. तो स्वतः व्हायोलावादक. सुरुवातीला व्हायोलिनची हलकी थरथर, खाली चेलोचा लांब स्वर आणि मध्ये व्हायोलाची पाच स्वरांची धून. आपल्या कानाला हे थेट भूपाचे स्वर! मात्र रागाची बढत इथे शोधू नये. धून लगेच पहिल्या व्हायोलिनकडे जाते.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो दुसरा, लेंटो (म्हणजे संथ) भाग. व्हायोलिन आर्तपणे गात राहतं, खाली साथ झुलत असते. अखेरीस तीच धून चेलोकडे येते आणि साथीची वाद्यं कधी गज ओढतात, कधी तार छेडतात. किती कमी स्वरांत केवढं दुःख! लॅपटॉपच्या स्पीकरवर ही जागा हरवते. बरे हेडफोन हवेतच.

बार्टोकचा सहावा १९३९चा, युद्धाच्या तोंडावरचा. १९४०मध्ये बार्टोक अमेरिकेला गेला आणि जानेवारी १९४१मध्ये कोलिश क्वार्टेटने न्यूयॉर्कला हा पहिल्यांदा वाजवला. सुरुवातीला व्हायोला अगदी एकटा. ती खिन्न धून प्रत्येक भागाआधी परत येते, दर वेळी एकेक आवाज वाढवत, आणि चौथा भाग तर तिनेच व्यापलाय. तिसऱ्या भागात एक व्हायोलिन मुद्दाम पाव स्वर उतरून वाजतं. पहिल्यांदा कानाला खटकतं, पण सवयीने त्यातला कडवटपणा कळतो. एमर्सनची धार इथे फार शोभते.

नव्याने ऐकणाऱ्यांनी लेंटोपासून सुरुवात करावी. बार्टोक मात्र कामं करता करता लावू नका. सलग अर्धा तास मोकळा असेल तेव्हाच घ्या.