पीसीचा मदरबोर्ड बदलायला निघालाय? आधी हे वाचा

माझा गेमिंग पीसी 2020 चा. रायझन 5 3600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड (म्हणजे बाकी सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), जीटीएक्स 1660 सुपर ग्राफिक्स कार्ड आणि 3200 स्पीडच्या 8-8 जीबीच्या दोन रॅम. गेल्या पावसाळ्यात गेम अडकायला लागले. आमच्या खानापुरात पावसात लाइट सारखी जाते, तेव्हा काहीतरी जळलं असणार असं वाटलं आणि सीपीयू उचलून बेळगावला एका दुकानात नेला.

दुकानदार आपल्याच भाषेत गोड बोलला. "बोर्ड जुना झालाय बघ. कार्डाची ताकद याच्यातनं बाहेरच येत नाही. बी550 घाल, फोर पॉइंट झिरो स्लॉट आहे, एफपीएस दीडपट." साडेदहा हजार सांगितले, माझा बोर्ड दीड हजाराला घेतला. नऊ हजार फोनवरून पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावला तर वाढतंय, कशाला?" आणि 'एस्टिमेट' छापलेल्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. तिथंच मी थांबायला हवं होतं.

घरी आलो, गेम लावला. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, तेवढेच, अडकणंही तेवढंच.

रविवारी टॉर्च घेऊन साइड पॅनल उघडलं. बोर्डाच्या भोकांभोवती स्क्रूचे जुने गोल ओरखडे. रॅमच्या रिकाम्या स्लॉटमध्ये काळपट धूळ. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि बोर्डाच्या स्टिकरवरचा नंबर वेगळे! स्टिकरवरचा नंबर कंपनीच्या साइटवर घातला, तर वॉरंटी कधीच संपलेली. नवा म्हणून वापरलेला बोर्ड गळ्यात मारला होता.

याहून जास्त जिवाला लागलं ते पुढचं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघितला: 2133. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडनं चालवणारी सेटिंग) चालू केलं, स्पीड 3200 झाला आणि अडकणं गेलं. हे एक्सएमपी माझ्या जुन्या बी450 मध्येही होतं. तेव्हा पीसी चालू केल्यावर तारीख चुकीची दिसायची, नेट आलं की बरोबर व्हायची, ते मी मनावर घेतलं नव्हतं. त्या जुन्या बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर2032 सेल संपला होता. लाइट गेली की बायोसच्या सेटिंग पुसल्या जायच्या आणि रॅम हळू चालायची. पन्नास रुपयांच्या आतलं काम होतं हो!

आणि 1660 सुपर हे कार्डच पीसीआयई 3.0 चं (पीसीआयई म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं तो, 3.0 ही त्याची आधीची पिढी). त्याला 4.0 चा स्लॉट देऊन एक फ्रेमसुद्धा वाढत नाही. प्रोसेसर कमी पडत असता, तरी बी450 वर बायोस अपडेट करून रायझन 5 5600 बसला असता. बोर्ड मेला असेल, किंवा एएम5 वर (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांच्या सॉकेटवर) जायचं असेल तर बोर्ड बदलणं भाग आहे, पण एएम5 साठी रॅमही नव्या पिढीची, डीडीआर5, घ्यावी लागते. तो खर्च आधी धरा.

दुकानात परत गेलो. "आमच्याकडनं गेलाय कशावरून?" असं त्यानं विचारलं. माझा जुना बोर्डही तोवर विकून टाकला होता. आता 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे पाठवल्याची नोंद, ती चिठ्ठी आणि दोन्ही नंबरांचे फोटो जोडलेत.

येत्या शनिवारी मामाचा मुलगा निपाणीहून बेळगावला बोर्ड घ्यायला येतोय. त्याच्यासोबत मी जाणार आहे. खोकं दुकानातच उघडायचं, नंबर जुळवायचे, पक्कं बिल हातात आल्यावरच पैसे द्यायचे, असं त्याला फोनवर दोनदा सांगून झालंय.