कलादालनाच्या चौकासाठी मांडणशिल्प: गंजरंगी पोलाद की काळा दगड?

कलादालनाच्या चौकात उघड्यावर कायमचे राहील असे मांडणशिल्प घडवून घ्यायचे ठरले, की शिल्पकाराशी होणारी बोलणी आशयावरून हळूहळू माध्यमावर येतात. जळगावातील आमच्या छोट्या कलादालनासाठी ती दोन पर्यायांवर येऊन ठेपली: पृष्ठभागावर गंजाचा घट्ट थर धरणारे कॉर्टेन पोलाद आणि आपल्या मातीतला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. आम्ही अखेर दगड निवडला. तरीही हा निर्णय प्रत्येक चौकाला लागू पडेल असे मी म्हणणार नाही, कारण पोलादाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे.

पहिली गोष्ट वजनाची. तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास भरते, तर भरीव बेसाल्टचा एक घनमीटर तीन टनांच्या जवळ जातो. पुरुषभर उंचीचे आतून पोकळ पोलादी शिल्प छोट्या क्रेनने तासाभरात उभे राहू शकते. दगडासाठी मोठी क्रेन आणि ती आत येईल एवढे फाटक लागते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जड शिल्पाचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. मात्र पोलाद हलके म्हणून पायात फार बचत होईल, ही अपेक्षा मला थोडी फसवी वाटते. रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या करणारा वळवाचा वारा उंच, पसरट पत्र्यालाही तितक्याच जोराने ढकलतो, आणि त्यासाठी बेसप्लेट व बोल्ट खोल काँक्रीटमध्ये धरावेच लागतात.

रूपाच्या दृष्टीने पोलाद अधिक मोकळे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. बारीक, लांब पल्ल्याचे, हवेत झेपावणारे आकार दगडाला पेलत नाहीत, कारण दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसत नाही. शिकागोतील पिकासोचे 1967 चे सुमारे पंधरा मीटर उंचीचे शिल्प कॉर्टेनचेच आहे, आणि तो आकार दगडात कल्पितासुद्धा येत नाही. आमच्या शिल्पकाराचे पहिले प्रारूपही पोलादाचेच होते आणि ते फार देखणे होते.

आमच्यापुरता निर्णय लागला तो फरशीमुळे. कॉर्टेनमधील तांबे, क्रोमियम यांसारख्या धातूंमुळे वरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या पोलादाचे रक्षण करतो, पण तो थर पक्का होण्यासाठी पृष्ठभाग पुन्हा पुन्हा भिजून वाळावा लागतो. खानदेशात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेला बराचसा काळ ही प्रक्रिया जवळजवळ थांबलेली असते. शिल्पकाराने दिलेला नमुन्याचा पत्रा आम्ही पावसाळ्याआधी चौकातील शहाबादी फरशीवर उभा करून ठेवला होता. पहिल्याच सरींत त्याच्या पायाशी नारिंगी ओघळ उतरले, आणि पुढच्या वर्षीचा पाऊस सुरू झाल्यावर ते पुन्हा दिसले. शहाबादी ही चुनखडीची फरशी असल्यामुळे ती डाग शोषून घेते, आणि गंजाचा डाग काढणारे ऑक्झॅलिक ॲसिड तिच्या पृष्ठभागाची झिलईही खाते, म्हणजे डाग गेला तरी त्या जागी पांढुरका चट्टा राहतो. पायाभोवती खडीची चर करावी, असे आम्हाला सुचवण्यात आले आणि ती सूचना योग्यच होती. परंतु वाऱ्याबरोबर तिरप्या येणाऱ्या पावसात थेंब चरीच्या पलीकडे पडत होते, आणि तेच पाणी लोकांच्या चपलांबरोबर आतल्या दालनात येत होते. पारदर्शक लेपाचाही विचार झाला. पण आमच्याकडच्या उन्हात असा लेप वरचेवर द्यावा लागला असता, आणि ज्या रंगासाठी हे पोलाद घ्यायचे तोच त्याने बदलला असता. चित्रे पाहायला आलेल्या माणसाचे लक्ष सर्वांत आधी डागाळलेल्या फरशीकडे जावे, हे मला मनापासून नको होते.

उष्णतेचा मुद्दा त्या मानाने दुय्यम आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेल्यावर दोन्ही माध्यमे तापतात, आणि गडद दगड संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता धरून राहतो. तरीही माझ्या अनुभवात दुपारी दगडावर क्षणभर हात टेकवता येतो, तापलेल्या पत्र्यावर तो टेकवत नाही. लहान मुले शिल्पाला हात लावल्याशिवाय राहत नाहीत आणि त्यांनी तो लावावा असे आम्हाला वाटते, त्यामुळे हा फरक आमच्या दृष्टीने अगदीच लहान नव्हता.

दगडाचे त्रास वेगळे आहेत. काम संथ चालते, धूळ फार उडते, आणि खाणीवरचा दगड स्वतः पाहून निवडावा लागतो. जळगाव जिल्ह्यातील बेसाल्टच्या पोकळ्यांतून झिओलाइट या खनिजाचे सुंदर स्फटिक मिळतात, सावद्याचे तर संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. पण शिल्पाच्या दगडात अशी पोकळी निघाली तर छिन्नीखाली कोपरा उडतो. हातोड्याने ठोकून खणखणीत नाद देणारा दगडच घ्यावा, हा पाथरवटांचा सल्ला आम्ही पाळला. एकदा बसवलेल्या शिल्पाची देखभाल मात्र पाण्याने धुण्यापलीकडे जवळजवळ नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ कित्येक शतके ऊन-पाऊस झेलत उभे आहे, त्यामुळे या दगडाच्या टिकाऊपणाविषयी मला वेगळी खात्री करून घ्यावी लागली नाही.

माध्यम कोणतेही असो, शिल्प पुढे हलवावे लागल्यास काय करायचे ते करारात लिहून घ्यावे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी लढवलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कलावंताचा नैतिक हक्क, म्हणजे कृती विकल्यानंतरही तिची हानी होऊ न देण्याचा हक्क, मान्य केला आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. बोल्ट काढून नेता येणारे पोलाद या बाबतीत निश्चितच सोयीचे आहे.

म्हणून चौकाखाली गाडीतळाचा स्लॅब असेल, इमारत भाड्याची असेल किंवा जमिनीवर फरशीऐवजी मुरूम वा गवत असेल, तर पोलाद घ्यायला माझी हरकत नाही. पण चौक जमिनीवरचा आणि फरशीचा असेल, तर नमुन्याचा पत्रा एका पावसाळ्यासाठी तिथे उभा करून पाहावा, आणि शक्य असल्यास दगडाचे दरपत्रकही त्याच सुमारास मागवून ठेवावे.