पोराला पुण्याच्या फादरांच्या बॉइज स्कूलला टाकायचं की जळगावातच ठेवायचं?

ताईचा पोरगा यंदा पाचवीत जाईल आणि दोन महिने झाले घरात एकच विषय चालू आहे, दाजींना पुण्याची फादरांची मुलांची शाळा हवीय, ताई म्हणते इथलं जळगावचं कॉन्व्हेंट काय वाईट आहे. मी स्वतः पाचवी ते दहावी बाहेरगावी फादरांच्या बॉइज स्कूलमध्ये हॉस्टेलला राहून काढली म्हणून दोघंही मलाच विचारतात. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय, खान्देशात अजून कोणाच्या घरी हाच घोळ चालू असेल तर कामाला येईल.

आधी एक गैरसमज काढून टाका, नावात सेंट असलं म्हणजे शाळा कॅथलिक असतेच असं नाही. पाचगणीचं सेंट पीटर्स अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचं, आपल्याला जवळ पडणारं देवळालीचं बार्न्स पण तसंच आणि तिथं मुलीही शिकतात. पुण्यात कॅथलिक मुलांची शाळा म्हटलं की दोन नावं पुढे येतात, कॅम्पातलं सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) आणि पाषाणचं लॉयोला (१९६१), दोन्ही जेझुइट, म्हणजे कॅथलिकांतल्या एका संघाच्या, फादरांनी काढलेल्या.

दाजींच्या डोक्यात जी "फादरांची शिस्त" आहे ना, तिचं जरा नीट समजून घ्यायला हवं. मुंबई-पुण्याचं कॅथलिक मिशन १८५० च्या दशकापासून जर्मन जेझुइटांकडे होतं, वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ ला त्यांनी अनाथ पोरांसाठी सुरू केलं आणि पुढे त्याचं हायस्कूल झालं. मग पहिलं महायुद्ध आलं, जर्मन फादर शत्रूच्या देशाचे ठरले, कोणाला स्थानबद्ध केलं, कोणाला परत धाडलं, पुढे मुंबईला स्पॅनिश फादर आले, पण शाळा चालूच राहिल्या. म्हणजे माणसं बदलली तरी घडी मोडली नाही आणि या शाळांची खरी ताकद मला तीच वाटते. पण आज वर्गात फादर कमी, बाकी सगळे आपल्यासारखेच सर आणि मॅडम, त्यामुळे फादरांचं नाव बघून पैसे भरू नका, पाचवी-सहावीला कोण शिकवतं आणि ते किती वर्षं टिकलेत ते विचारा.

अभ्यासाचं म्हणाल तर पुण्याच्या दोन्ही शाळांत दहावीला स्टेट बोर्ड, म्हणजे पुस्तकं बालभारतीचीच. जळगावच्या स्टेट बोर्डाच्या इंग्लिश मीडियममध्ये जे पुस्तक आहे तेच वाचायला पोरगा रात्रभर महाराष्ट्र एक्सप्रेसने जाणार का, हा माझा दाजींना सरळ प्रश्न होता.

मग फरक कुठे पडतो? ग्राउंडवर. आमचे एक फादर पाच वाजता पांढरा झगा कमरेला खोचून आमच्यात फुटबॉल खेळायला उतरायचे, पडलो की उठवायचे नाहीत, नुसते थांबायचे, आपण उठेपर्यंत. नाटक, वक्तृत्व, बँड, सगळं पोरंच करायची, लाजरा पोरगा पण स्टेजवर चढायचा. हे मला मिळालं आणि ते मी विसरणार नाही.

पण गेलं पण बरंच. आमच्याकडे मराठी बोललं की हातात एक लाकडी पट्टी यायची, ती पुढच्या बोलणाऱ्याला द्यायची आणि संध्याकाळी ज्याच्याकडे सापडेल त्याला दंड. अहिराणीची तर गोष्टच सोडा. पहिल्या दिवाळीला घरी आलो, आजीनं चुलीपुढून "कसा शे रे भाऊ" विचारलं आणि मी तिला पुस्तकी मराठीत उत्तर दिलं, ती भाकरी थापता थापता थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली. आजी आता नाही. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. अकरावीला मुलींच्या शेजारी बसायची वेळ आली तेव्हा प्रॅक्टिकलमध्ये साधं "बीकर दे" म्हणायला जीभ उचलत नव्हती, हे पण आहेच. देशातल्या काही जुन्या बॉइज स्कूलनी आता मुली घ्यायला सुरुवात केलीय, तर अजून फक्त मुलांचीच आहे का हे आधी विचारून घ्या.

पैशाचं आणि ॲडमिशनचं थोडक्यात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांची लॉटरी या शाळांत लागेल अशी आशा धरू नका, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याकांच्या शाळांना तो कायदा लागू नाही असा निकाल दिलाय, आणि जळगावच्या कॅथलिक कॉन्व्हेंटला पण तेच. पाचवीत मधूनच शिरायचं तर कोणी जागा सोडली तरच. हॉस्टेल असेलच हे धरून चालू नका.

माझं मत विचाराल तर पुण्यात सख्खं, रोज जेवायला वाढणारं माणूस असेल तरच पाठवा, आणि दोनपैकी जी शाळा त्यांच्या घराजवळ तीच घ्या, कारण पोरगा पाचनंतर ग्राउंडवर थांबू शकला तरच त्या शाळेचा उपयोग. नसेल तर दहावीपर्यंत जळगाव, घरचं भरीत-भाकरी आणि आजी-आजोबांची अहिराणी.

ताईला एक काम सांगितलंय. येत्या आठवड्यात इथल्या शाळेच्या गेटवर सुटीच्या वेळी अर्धा तास उभी राहा, पोरं ग्राउंडवर रेंगाळतात की घंटा झाली की व्हॅनमध्ये कोंबली जातात ते बघ, एखादे सर त्यांच्यात थांबलेले दिसतात का ते बघ. तोवर दाजी, शाळा सोडल्याचा दाखला काढू नका.