पंचवटीतल्या आमच्या वाचनालयाची विकी, ब्लॉग आणि व्हॉट्सॲप: दोन वर्षांचा अनुभव

घरातले आम्ही तिघं गेली दोन वर्षं या वाचनालयाचे सभासद आहोत, मी, माझी मुलगी आणि माझे सासरे, त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. पुस्तकं चांगली आहेत, वर्गणी परवडते, दिवाळी अंक वेळेवर येतात. पण मला आज लिहायचंय ते तिथल्या ग्रंथपाल मॅडम फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून जे काम करतात त्याबद्दल, कारण रोज काउंटरवर देवघेव करून जाणाऱ्या कितीतरी सभासदांना हे सगळं आहे हेच माहीत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

सुरुवात झाली मुलीच्या प्रोजेक्टमुळे. ती आठवीत, विषय काळाराम मंदिर सत्याग्रह. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लांबलचक फॉरवर्ड टाकला, त्यात साल १९२७ दिलेलं, आणि बऱ्याच मुलांनी तेच चार्टवर उतरवूनही टाकलं. अण्णा म्हणाले हे चुकलंय, पण नक्की साल त्यांनाही आठवेना, म्हणून मी रात्री नऊ वाजता वाचनालयाच्या नंबरवर मेसेज टाकून ठेवला. सकाळी वाचनालय उघडल्या उघडल्या उत्तर: महाडचं चवदार तळं २० मार्च १९२७, काळाराम सत्याग्रहाची सुरुवात २ मार्च १९३०, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन्ही एकात घातलंय. सोबत पुस्तकाच्या पानाचा फोटो, खाली दाखल क्रमांक आणि कपाट कुठलं ते. आणि शेवटी एक लिंक.

ती लिंक म्हणजे त्यांची विकी, सभासदांनी मिळून लिहायची आणि सुधारायची माहितीची वेबसाइट. विकिपीडियाच्या मागे जे मीडियाविकी सॉफ्टवेअर आहे तेच, फुकट मिळतं, ते त्यांनी स्वस्तातल्या होस्टिंगवर टाकलंय. मी मॅडमना विचारलं की एवढा खटाटोप कशाला, उत्तर तर मेसेजवर दिलंच होतं की. त्या म्हणाल्या, "अहो, हाच प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं, दरवर्षी मी पुस्तक शोधते, फोटो काढते, पाठवते, आणि चार दिवसांत ते व्हॉट्सॲपवर वर सरकून जातं. मग एकदा शोधलेलं एका जागी लिहून ठेवायला नको का?" ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. तो काउंटरच्या मागे भिंतीवर चिकटवलेला मी कित्येकदा वाचला होता, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

विकीवर काय काय आहे म्हणाल तर बहुतेक सगळं नाशिकचं. गोदावरीच्या पुरांचं पान मला सगळ्यात आवडतं. १९६९, २००८, २ ऑगस्ट २०१६, प्रत्येक पुराखाली कुठल्या वर्तमानपत्राचा कुठल्या तारखेचा अंक वाचनालयात आहे ते दिलंय. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, नारोशंकर मंदिराच्या घंटेला लागलं की नाही, आपण नाशिककर पूर जसा मोजतो तसाच तिथे लिहिलाय. दुसरं म्हणजे शोध. जुन्या पुस्तकांत "नासिक" असतं, आता आपण "नाशिक" लिहितो, तर एक टाकलं की दुसरं सापडायचं नाही. मॅडमनी अशा शब्दांची पुनर्निर्देशनं करून ठेवलीत, कसंही लिहा, पान तेच उघडतं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. हे काम बाहेरून दिसत नाही पण मराठीत शोधणाऱ्या माणसाला विचारा त्याची किंमत. त्यात पुस्तकांच्या जुन्या याद्या श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या, त्या वेबवर टाकल्या की नुसत्या खुणा दिसायच्या, त्या सगळ्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, आणाव्या लागल्या. एकट्या बाईने किती संध्याकाळी बसून केलं असेल कुणास ठाऊक.

अण्णांचा किस्सा सांगितलाच पाहिजे. त्यांनी पुराचं पान वाचलं आणि म्हणाले १९६९ ला पाणी याच्यापेक्षा वर होतं, मी स्वतः बघितलंय, हे बदल. मी खातं काढून दिलं, त्यांनी सांगितलं तसं टाइप केलं आणि सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पान पहिल्यासारखं. अण्णा चिडले. मग मी "इतिहास" वर टिचकी मारली, तिथे प्रत्येक बदल कुणी केला, किती वाजता केला सगळं दिसतं, आणि मॅडमच्या नावापुढे लिहिलेलं की छापील संदर्भ नाही म्हणून मजकूर चर्चा पानावर, म्हणजे त्याच पानाला जोडलेल्या बोलण्याच्या पानावर, हलवलाय. चर्चा पान उघडलं तर अण्णांचा सगळा मजकूर जसाच्या तसा, वर मथळा "प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या आठवणी". पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये, पण छापील कुठे सापडलं तर मी लगेच वरच्या पानात घेते, तोवर तुमच्या नावाने आठवण म्हणून राहू दे." अण्णांचा राग तिथेच गेला. छापील गोष्ट एकीकडे, आठवण एकीकडे, दोन्ही जपलेलं, आणि कुठलं कुठून आलं हे वाचणाऱ्याला दिसतं. फॉरवर्डमध्ये हेच तर नसतं हो.

ब्लॉगबद्दल थोडक्यात सांगते. दर आठवड्याला नवीन आलेल्या पुस्तकांवर एक पोस्ट, प्रत्येक पुस्तकावर पाच-सहा ओळी, मॅडमनी स्वतः वाचून लिहिलेल्या, मागच्या पानावरून उतरवलेल्या नाहीत. एखादं पुस्तक आवडलं नाही तर तेही लिहितात. दोन वर्षांपूर्वीची पोस्ट आजही सापडते हा मोठा फायदा. कमेंटमध्ये मात्र कर्जाच्या जाहिराती येऊन पडतात आणि महिनाभर कुणी काढत नाही. इन्स्टाग्राम आहे, मुलगी बघते, मला त्यातून पुस्तकाबद्दल काही कळत नाही, मोठ्या फोटोवर एवढीशी अक्षरं.

आता तक्रारी, आणि त्या मी मॅडमना तोंडावर सांगितल्यात म्हणून इथेही लिहिते.

पहिली मोठी. मागच्या वर्षी वाचनालयाच्या स्टेटसला देवघेव रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकला होता, आज किती पुस्तकं गेली हे दाखवायला, कौतुकानेच. त्यात माझं नाव आणि मी नेलेलं पुस्तक स्पष्ट वाचता येत होतं. पुस्तक नैराश्यावरचं होतं, घरातल्या एका माणसासाठी नेलेलं, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या दोघींनी मला विचारलं, काय गं, बरं आहे ना सगळं? मला फार लागलं ते. कोण काय वाचतं ही वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातली गोष्ट आहे, आजारावरचं पुस्तक असेल, घटस्फोटाच्या कायद्याचं असेल, माणूस वाचनालयात जातो ते तिथे कुणी विचारत नाही म्हणून. मी फोन केला, मॅडमनी पाच मिनिटांत फोटो काढला, माफी मागितली, आणि तेव्हापासून रजिस्टरचा किंवा स्क्रीनचा फोटो टाकायचा नाही असा नियम केला. "या महिन्याचे वाचक" मध्येही आता विचारल्याशिवाय नाव नाही. चूक मान्य करून पद्धत बदलली म्हणून मी सभासद राहिले.

दुसरी व्हॉट्सॲप ग्रुपची. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे कुणाला पॉलिसीवाल्यांचे फोन, कॉलेजच्या एका मुलीला रात्री अनोळखी मेसेज. तक्रारी झाल्यावर त्यांनी ग्रुप बंद करून चॅनल सुरू केलं, तिथे फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. त्या ग्रुपवर पुस्तकांवर गप्पा व्हायच्या त्या मात्र गेल्या, मला चुकल्यासारखं होतं, तरी निर्णय बरोबरच होता. आणखी एक, ग्रुपवर लोक अख्ख्या पुस्तकांच्या पीडीएफ टाकायचे, मॅडम लगेच काढून टाकायच्या आणि काहीजण रुसायचे. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले म्हणजे २०५९ संपेपर्यंत, त्यांच्याच गावात त्यांची पुस्तकं अशी वाटायची का? हक्क संपलेलं जुनं साहित्य हवं असेल तर मॅडम मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहाची लिंक देतात, ह. ना. आपटे १९१९ ला गेले, त्यांचं लिखाण कुणीही मोकळेपणाने वाचावं.

तिसरी, पावसाळ्यात विकी दोन आठवडे बंद होती, डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण करायचं राहून गेलं. सगळं एका माणसावर असल्यावर दुसरं काय होणार. सरकार सार्वजनिक वाचनालयांचा अ, ब, क, ड वर्ग ठरवताना पुस्तकं, नियतकालिकं, सभासद मोजतं, विकीची पानं कोण मोजणार, म्हणून कार्यकारिणीलाही हे मॅडमचं हौसेचं काम वाटतं. माझी कार्यकारिणीला कळकळीची विनंती आहे, एक अर्धवेळ मदतनीस द्या आणि डोमेनचे पैसे बजेटमध्ये धरा. उद्या मॅडम निवृत्त झाल्या तर पासवर्ड कुणाकडे आहे हे तरी कुणी विचारलंय का?

जानेवारीत त्यांनी एक छान गोष्ट केली. जगभरच्या ग्रंथपालांची "एक ग्रंथपाल, एक संदर्भ" अशी मोहीम असते, विकिपीडियाला १५ वर्षं झाली त्या वेळी, २०१६ मध्ये सुरू झालेली, प्रत्येकाने विकिपीडियावर निदान एक तरी संदर्भ जोडायचा. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तरी कितीतरी वाक्यांपुढे अजून "संदर्भ हवा" लिहिलेलं असतं. आम्ही दहा-बाराजण टेबलाभोवती बसलो, मॅडम संदर्भ विभागातून गठ्ठे आणून ठेवत होत्या. पान क्रमांकासकट संदर्भ कसा द्यायचा हे त्यांनी प्रत्येकाच्या शेजारी बसून शिकवलं. माझ्या मुलीने दादासाहेब फाळक्यांच्या त्र्यंबकच्या जन्माला, ३० एप्रिल १८७०, संदर्भ जोडला आणि घरी येईपर्यंत रिक्षात चारदा उघडून बघितला.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा डोमेनसाठी कापला. नवीन सभासदांनी एवढं लक्षात ठेवा, विकीचं खातं मंजूर व्हायला दोन-तीन दिवस लागतात, जाहिरातवाले घुसतात म्हणून, आणि प्रश्न विचारायचा तर चॅनलवर नको, वाचनालयाच्या नंबरवर टाका. सध्या सिंहस्थाचं पान चालू आहे, जुने फोटो हवेत. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत २००३ चे दोन निघाले, रामकुंडावरचे, मागे अण्णांच्या अक्षरात तारीख, मी शनिवारी नेऊन देणार आहे.