जँगो: सोयाबीनचा हंगाम काढल्यावर

जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायची तयार चौकट, याहून जास्त सांगत बसत नाही. लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचा हिशेब त्यावर चालतो, तोही एक जीबी रॅमच्या स्वस्तातल्या सर्व्हरवर. मालक त्याहून एक रुपया जास्त द्यायचे नाहीत.

सुरुवातीला डिलीटव्ह्यूनं, म्हणजे नोंद पुसायच्या त्यातल्या तयार सोयीनं, डोकं उठवलं. पुसायची लिंक दाबली की आधी खात्रीचं पान येतं; तिथलं बटण दाबून पोस्ट विनंती, म्हणजे सर्व्हरला बदल करायचा निरोप, गेली तरच नोंद जाते. काट्यावर ट्रॅक्टरची रांग, नेट रडतंय आणि मुनीमजी म्हणतात, "पुस म्हटलं की पुसावं, परत काय विचारतंय?" मलाही ते पटायचं.

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी अ‍ॅडमिनमध्ये (जँगोसोबत येणाऱ्या, नोंदी सांभाळायच्या तयार पानांत) एका शेतकऱ्याचं दुबार वाटलेलं नाव पुसायला घेतलं. पानावर नाव तर होतंच, खाली त्याच्या सगळ्या पट्ट्या, कट्ट्यांच्या नोंदी, उचल, हे सगळं सोबत जाणार म्हणून यादीच. मुनीमजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, ह्याची उचल फिटायचीय अजून!" तेव्हापासून खात्रीच्या पानाबद्दल माझी तक्रार नाही.

जँगो २.० पासून फॉरेन कीला (एका नोंदीला दुसरीशी जोडणारा दुवा) ऑन-डिलीट, म्हणजे मूळ नोंद पुसली तर जोडलेलीचं काय करायचं ते, लिहावंच लागतं, म्हणून आधीच्या पोरानं जिथं तिथं कॅस्केड, म्हणजे जोडलेलं सगळं सोबत पुसा, असं ठोकून दिलेलं. आता पट्टी आणि उचल दोन्हींना प्रोटेक्ट आहे, म्हणजे त्या जोडलेल्या असतील तर नाव पुसलंच जात नाही.

पण ती यादी फक्त अ‍ॅडमिनमध्येच का? आपण लिहिलेल्या डिलीटव्ह्यूच्या पानावर आपण टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) घालू तेवढंच दिसतं. वर प्रोटेक्टची एरर स्वतः पकडली नाही तर मुनीमजींसमोर थेट ५०० चं, म्हणजे सर्व्हर बिघडल्याचं, पान! आतली नोंदी गोळा करायची यंत्रणा तयार आहे, ती बाहेर द्यायला काय जातं यांचं? इतकी वर्षं झाली, हे मला अजून पचत नाही. अ‍ॅडमिनमधून एकदम बऱ्याच नोंदी पुसल्या तर मॉडेलवर, म्हणजे नोंदीच्या आराखड्यावर, आपण लिहिलेली डिलीट मेथड चालतच नाही, हे वेगळंच.

याद्यांचं बरं आहे. फॉर लूपमधला (यादीतली एकेक ओळ दाखवणारा) एम्प्टी टॅग मला फार आवडतो. आवक नसली की "आज आवक नाही" एवढं दिसतं, वेगळी इफ (अट) लागत नाही. फॉरलूप काउंटर, म्हणजे ओळी मोजणारा आकडा, मात्र प्रत्येक पानावर परत १ पासून. मुनीमजींना अनुक्रमांक सलग हवा, मग काउंटरझिरोत (शून्यापासून मोजणारा आकडा) पानाचा स्टार्ट-इंडेक्स (पानावरच्या पहिल्या ओळीचा क्रमांक) मिळवला.

उचलीपुढचं पुसायचं बटण मी काढूनच टाकलंय. मुनीमजी "रद्द" निवडतात, ती ओळ यादीत करड्या रंगात राहते. पुढच्या हंगामालाही हेच वापरणार, सर्व्हरही तोच.